शिशाला परंपरेचे कवच कशाला?

अमेरिकेतल्या ट्रॅपशूटिंगच्या, म्हणजे यंत्राने उडवलेल्या तबकड्या छर्ऱ्याच्या बंदुकीने फोडण्याच्या खेळाच्या, राज्य संघटनांमध्ये शिशाच्या छर्ऱ्यांचा विषय निघाला की पुढची वाक्ये आधीच ठाऊक असतात. एक बाजू म्हणते, आमच्या राज्यस्पर्धांना सव्वाशे-दीडशे वर्षांची परंपरा आहे, तिला हात लावू नका. शिशावर बंदी ही बंदुकीवरच्या बंदीची पहिली पायरी आहे. दुसरी बाजू म्हणते, प्रत्येक रेंज म्हणजे विष पेरलेले शेत, ते आजच्या आज बंद करा. पहिल्या बाजूने स्वतःच्या संघटनेचा इतिहास वाचलेला नसतो आणि दुसरीने रेंजची जमीन पाहिलेली नसते. राज्य संघटनांनी शिसे स्वतःहून, टप्प्याटप्प्याने आणि तारखा जाहीर करून सोडावे, आणि पाण्याच्या दिशेने होणारा शिशाचा मारा आजच थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हे परंपरेच्या विरोधात जाणे नव्हे. या संघटनांचा इतिहास नीट वाचला तर तो बदलाच्याच बाजूने साक्ष देतो.

प्रश्न किती मोठा आहे ते आकड्यांवरून कळते. अमेरिकन ट्रॅपमध्ये नेमबाजांना उभे राहायला पाच जागा असतात, ट्रॅप हाउसच्या, म्हणजे तबकड्या उडवणारे यंत्र ठेवलेल्या खोलीच्या मागे 16 यार्डांवर. तबकडी ताशी साधारण 42 मैल वेगाने सुटते. नियमाने काडतुसात जास्तीत जास्त 1⅛ औंस, म्हणजे सुमारे 32 ग्रॅम छर्रे चालतात. साडेसात नंबरचा छर्रा साधारण 2.4 मिलिमीटर जाडीचा, तेव्हा एका काडतुसात 390च्या आसपास छर्रे बसतात. पूर्ण भाराने 25 तबकड्यांची एक फेरी झाली की एका नेमबाजाचे 800 ग्रॅम शिसे जमिनीवर पडते. शंभर तबकड्यांच्या स्पर्धेला 500 नेमबाज आले, तर एका दिवसात 1,600 किलो. राज्यस्पर्धा काही दिवस चालते, सरावाचे शिसे वेगळेच. आणि हे शिसे एका ढिगात पडत नाही. नेमबाजापासून साधारण 115 ते 180 मीटरच्या पट्ट्यात ते पंख्यासारखे पसरते, गवतात, झाडांच्या सालीत, ओढ्यात.

आता परंपरेकडे वळू. या खेळातल्या ‘ट्रॅप’ या शब्दाचा मूळ अर्थ कबुतराची पेटी. दोरी ओढली की पेटीच्या बाजू कोसळत आणि पक्षी उडे. नेमबाज आजही तबकडी मागताना ‘पुल’ म्हणतो तो त्या दोरीमुळे. 1881 साली न्यूयॉर्कच्या राज्य संघटनेने कोनी आयलंडवर भरवलेल्या स्पर्धेसाठी सुमारे 20,000 पॅसेंजर पिजन ही जंगली कबुतरे मागवण्यात आली. व्यावसायिक जाळेवाल्यांनी ती दूर इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, घरट्यांच्या वसाहतीवर पकडली होती. पुष्कळ पक्षी वाटेतच मेले. प्राणीदया संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांनी विरोध केला. ज्या संघटनेने ही स्पर्धा भरवली, तिच्या नावातच मासे आणि शिकारी पक्षी-प्राणी यांच्या संरक्षणाचा शब्द होता. तिचे सदस्य काही ढोंगी नव्हते. अवैध शिकारीविरुद्ध आणि मोसमाच्या कायद्यांसाठी त्या काळात झटणारी माणसे याच संघटनांमध्ये होती. पेटीतून सोडलेले कबूतर संरक्षणाच्या कक्षेत येते, हे मात्र त्यांच्या मनात आले नाही. कारण कबुतरे संपतील असे कोणालाच वाटत नव्हते. 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची मादी मेली आणि ती जात पृथ्वीवरून नाहीशी झाली.

त्याच सिनसिनाटीत 1880 मध्ये जॉर्ज लिगोव्स्कीने मातीच्या तबकडीचे पेटंट घेतले होते. त्याच्या आधी काचेचे गोळे आले होते. इलिनॉयचा कॅप्टन बोगार्डस त्यांचा मोठा प्रचारक, त्याने ते उडवणारे यंत्रही काढले. पण काचेचे तुकडे मैदानात साचत आणि ते मैदान पुन्हा दुसऱ्या कशाच्या उपयोगाचे राहत नसे. लिगोव्स्कीची भाजलेली मातीही सुरुवातीला फसली. ती इतकी कडक भाजली जायची की छर्रा लागून टणकन आवाज येई, तबकडी मात्र अखंड उतरे, आणि लागली की नाही यावर पंचांशी वाद होई. मग चुनखडीची भुकटी आणि डांबर यांचे मिश्रण आले, जे उडवताना टिकते आणि एखाद-दोन छर्ऱ्यांनीही फुटते. आजची तबकडी मुळात तीच आहे. जिवंत पक्ष्यांवरची ‘ग्रँड अमेरिकन’ स्पर्धा 1893 पासून न्यूयॉर्कच्या परिसरात होत होती. 1900 मध्ये तिच्याच जोडीला तबकड्यांची ग्रँड अमेरिकन सुरू झाली. 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या कायद्याने जिवंत कबुतरांवरची नेमबाजी बंद केली. त्याच वर्षी पक्ष्यांची शेवटची ग्रँड अमेरिकन कॅन्ससमध्ये नव्हे, मिझुरीतल्या कॅन्सस सिटीत झाली.

म्हणजे काही दशकांत लक्ष्य तीनदा बदलले: पक्ष्यांवरून काच, मग भाजलेली माती, मग डांबरी तबकडी. प्रत्येक वेळी जुन्याजाणत्यांचे म्हणणे एकच होते, की हा खरा खेळ नव्हे. तबकडी पक्ष्यासारखी वळत नाही, वाऱ्यावर झुकत नाही, तिच्यात कसब कुठे? आज तीच तबकडी परंपरा म्हणून मिरवते आहे. मग जी परंपरा लक्ष्य बदलून जगली, ती छर्ऱ्याच्या धातूवर अडून का बसावी?

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. संघटना सद्बुद्धीने बदलल्या, असे कागदपत्रे सांगत नाहीत. पॅसेंजर पिजन मिळेनासे झाले, पाळीव कबुतरे महाग पडू लागली, वर कायदा आला. बदल बाहेरून लादला गेला. पण त्यातून निघणारा धडा शिशाच्या पाठीराख्यांना सोयीचा नाही. कबुतरे गेल्यावर खेळाचे काय नुकसान झाले? काहीच नाही, उलट गावागावांतल्या माणसांना परवडणारा खेळ झाला. पेनसिल्व्हेनियात कायदा झाला नाही, म्हणून हेगिन्स गावची कामगार दिनाची कबूतर-नेमबाजी 1934 पासून 1998 पर्यंत चालली, आणि 1999 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर आयोजकांनी ती थांबवली. तिच्या समर्थनात साठ वर्षे परंपरा हाच शब्द पुढे होता. त्याच राज्यात एलिसबर्गला तबकड्यांची राज्यस्पर्धा आजही भरते आणि तिला त्याची झळ बसलेली नाही.

शिशाच्या बाबतीत वाट पाहण्याची किंमत मात्र वेगळी निघाली. कनेक्टिकटमधल्या स्ट्रॅटफर्डजवळ लॉर्डशिप पॉइंटवर रेमिंग्टन कंपनीचा गन क्लब लाँग आयलंडच्या खाडीच्या दिशेने जवळपास सत्तर वर्षे चालला. न्यायालयाच्या निकालपत्रात आकडा नोंदलेला आहे: सुमारे 50 लाख पौंड शिसे आणि 1 कोटी 10 लाख पौंड तबकड्यांचे तुकडे, काठावर आणि पाण्यात. 1986 मध्ये क्लब बंद झाला, 1993 मध्ये अपील न्यायालयाने त्या छर्ऱ्यांना आणि तुकड्यांना कचऱ्याच्या कायद्याखाली आणले. 1996 मध्ये न्यूयॉर्क ॲथलेटिक क्लबच्या ट्रॅव्हर्स आयलंडवरील रेंजबाबत निकाल आला, की जलप्रवाहात छर्रे आणि तबकड्या पाडायच्या तर स्वच्छ जल कायद्याखाली परवाना हवा. शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठचा लिंकन पार्क गन क्लब 1912 पासूनचा. तो 1991 मध्ये बंद पडला. या तिन्ही ठिकाणी अडचण बंदुकीमुळे आली नाही. नेमबाजांनी पाण्याकडे तोंड करून शिसे झाडले म्हणून आली, आणि लॉर्डशिप आणि लिंकन पार्कला तर शेवटी मैदानच गेले. छर्रा बदलण्याची टाळाटाळ केलेल्यांना खेळण्याची जागा गमवावी लागली, हे राज्य संघटनांच्या बैठकांत का बोलले जात नाही?

शिशाच्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा रसायनशास्त्राचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अखंड छर्रा लगेच विरघळत नाही. त्याच्यावर ऑक्साइड-कार्बोनेटचा पांढुरका थर चढतो आणि पुढचे गंजणे मंदावते. माती उदासीन असेल, म्हणजे सामू 6.5 ते 8.5च्या दरम्यान असेल, तर शिसे वरच्या थरातच अडकून राहते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या न्यूयॉर्क विभागाने उघड्या रेंजसाठी जी मार्गदर्शिका काढली आहे, तिने बंदी सांगितलेली नाही. व्यवस्थापन सांगितले आहे. आम्लधर्मी मातीत चुना घाला, फॉस्फेट घाला, पट्ट्यात आखूड गवत राखा म्हणजे माती वाहून जाणार नाही, आणि काही वर्षांनी छर्रे काढून विका. ट्रॅपची घरे अशा कोनात बांधा की शेजारशेजारच्या पट्ट्यांचे पंखे एकमेकांवर पडतील. मग कमी जमिनीवर जास्त शिसे साचते आणि काढणे परवडते. हे सगळे बरोबर आहे, आणि जिथे हे खरोखर केले जाते तिथल्या रेंजला विषाचे शेत म्हणणे अन्याय आहे.

अडचण एवढीच की हे फार थोड्या ठिकाणी मनापासून होते. छर्रे काढताना वरची दोन-तीन इंच माती खरवडतात, थरथरत्या चाळणीवर घालतात, मग वाऱ्याच्या झोताने किंवा पाण्याने हलका काडीकचरा वेगळा करतात. जमीन कोरडी, सपाट, मोकळी असेल तर ठेकेदार शिशाच्या भावावर हे काम घेतो, क्लबला पैसेही सुटतात. पण पट्ट्यात झाडे असतील तर छर्रे खोडात रुततात आणि यंत्र आत फिरत नाही. उतार असेल तर पावसाने छर्रे आणि भुकटी ओढ्याला लागलेली असते. दलदल असेल तर यंत्रच रुतते. आणि न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनियातली पुष्कळ जुनी मैदाने नेमकी तशीच आहेत, कारण गावाबाहेरची स्वस्त जमीन म्हणजे उताराची, झाडीची किंवा पाणथळ. त्या भागातली माती बहुधा आम्लधर्मी, त्यात आम्लवर्षाव. शिवाय पक्ष्यांच्या बाबतीत सामूचा हिशेब लागूच पडत नाही. बदक किंवा होला वाळूच्या खड्याऐवजी छर्रा गिळतो. पेषणीत तो दळला जातो आणि पोटातले आम्ल त्याला विरघळवते. तिथे मातीत किती चुना घातला होता याला काय अर्थ?

दुसरा भक्कम मुद्दा पोलादी छर्ऱ्यांचा. शिशाची घनता 11.3, पोलादाची 7.8च्या आसपास. त्याच आकाराचा पोलादी छर्रा लवकर वेग गमावतो, म्हणून एक-दोन नंबर जाड छर्रा घ्यावा लागतो: साडेसातऐवजी सात किंवा सहा. जाड घेतला की त्याच वजनात संख्या घटते. पोलाद चेपत नसल्याने छर्ऱ्यांचा झुबका घट्ट राहतो. ट्रॅपवाल्यांचा आवडता फुल चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा सर्वात अरुंद आकार, मग नको, त्याहून सैल मॉडिफाइड पुरतो. जुन्या, पातळ नळीच्या बंदुकीत पोलाद वापरू नये, हे तर सुरक्षिततेचेच सांगणे. ते कठीण पृष्ठभागावरून उसळते, तेव्हा काँक्रीटच्या ट्रॅप हाउसवर चुकून झाडलेला बार अधिक धोक्याचा. दमट जागी ठेवलेल्या स्वस्त काडतुसात छर्रे गंजून गोळा होतात. हे सगळे आक्षेप खरे आहेत, त्यांना खोटे ठरवणाऱ्यांनी रेंजवर उभे राहून पाहावे.

पण हे आक्षेप सगळ्या खेळाला सारखे लागू होत नाहीत, आणि इथेच वाद सर्वात ढिसाळपणे घातला जातो. 16 यार्डांवरून सवयीचा नेमबाज तबकडी साधारण 32 ते 35 यार्डांवर फोडतो. डबल्समध्ये, म्हणजे दोन तबकड्या एकदम सुटतात तेव्हा, पहिली तबकडी त्याहून जवळ फुटते. या अंतरांवर सात नंबरचा पोलादी छर्रा तबकडी नीट फोडतो. खरी अडचण हँडिकॅपची आहे. तिथे चांगला नेमबाज 27 यार्डांपर्यंत मागे उभा राहतो आणि तबकडी चाळीस-पंचेचाळीस यार्डांवर जाते. हलक्या छर्ऱ्याची ताकद तिथे खरोखर संपत आलेली असते. ग्रँड अमेरिकनची सारी प्रतिष्ठा हँडिकॅपवर उभी आहे, म्हणून सगळा वाद तिथल्या उदाहरणांनी लढवला जातो आणि निष्कर्ष मात्र 16 यार्डांनाही चिकटवला जातो. शेवटच्या यार्डाची अडचण दाखवून पहिल्या यार्डाचा बदल का अडवायचा?

रेंजशेजारी नंतर घरे बांधून मग आवाजाची आणि शिशाची तक्रार करणाऱ्यांबद्दलचा राग मला समजतो. अनेक राज्यांनी रेंजना संरक्षण देणारे कायदे केले ते त्यामुळेच. पण हे कायदे मुख्यतः आवाजाच्या दाव्यांपासून वाचवतात. विहिरीच्या पाण्यात शिसे निघाले तर आम्ही आधीपासून इथे होतो हे उत्तर न्यायालयात टिकत नाही, आणि टिकूही नये.

पर्यावरणवाल्यांच्या एका आंधळ्या जागेकडेही बोट दाखवले पाहिजे. ते सारे लक्ष छर्ऱ्यावर ठेवतात आणि तबकडी विसरतात. डांबरी तबकडीत बहुचक्री हायड्रोकार्बन ही घातक संयुगे असतात. लॉर्डशिपच्या आकड्यांत शिशाच्या दुपटीहून जास्त वजन तुकड्यांचे होते. पोलाद आणले पण तुकडे ओढ्याकाठी तसेच पडू दिले, तर अर्धेच काम झाले. कमी डांबराच्या आणि जैविक राळेच्या तबकड्या बाजारात आहेत, थोड्या महाग आहेत. यंत्रात त्या जास्त फुटतात ही तक्रार खरी असेल तर राज्य संघटनेने निरनिराळ्या थंडी-उन्हात त्यांची चाचणी घेऊन निकाल जाहीर करावा. असली कामे करायलाच राज्य संघटना असते.

शिशाची सवय सुटणार नाही, असे म्हणणाऱ्यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचे उदाहरण पुरेसे आहे. 1991च्या मोसमापासून संपूर्ण अमेरिकेत त्या शिकारीला शिसे बंद झाले. त्या वेळीही हेच भाकीत होते: पक्षी जखमी होऊन तडफडतील, बंदुका फुटतील, लोक शिकार सोडतील. काही वर्षांत काडतुसे सुधारली, चोक बदलले, शिकाऱ्यांनी अंतराचा अंदाज नव्याने शिकून घेतला. पुढे झालेल्या अभ्यासात 1997 या एका वर्षात सुमारे 14 लाख बदके शिशाच्या विषबाधेतून वाचल्याचा अंदाज निघाला. युरोपीय संघाने 15 फेब्रुवारी 2023 पासून पाणथळ जागांत आणि त्यांच्यापासून 100 मीटरच्या आत शिशाचे छर्रे बंद केले. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीतले शिसे पूर्ण थांबवले, रेंजवरचे मात्र वगळले. ही सवलत कायम राहील या भरवशावर संघटनांनी निवांत बसावे का?

आपल्याकडेही याला समांतर उदाहरण आहे. राष्ट्रीय रायफल संघटना 1951 मध्ये उभी राहिली ती गणेश वासुदेव मावळंकरांच्या पुढाकाराने. रत्नागिरीकडच्या मावळंग्याचे हे मराठी घराणे, आणि ते स्वतः लोकसभेचे पहिले सभापती. त्या पिढीचे मोठे ट्रॅप नेमबाज, बिकानेरचे करणी सिंग, शिकारीच्या संस्कृतीतूनच आले होते. 1962 मध्ये त्यांनी जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवले. 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकारीची परंपरा संपवली. खेळ संपला का? 2004 मध्ये अथेन्सला राज्यवर्धन राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य जिंकले, ते शिकार बंद झालेल्या देशातून. ऑलिंपिकच्या नियमात काडतुसाचा भार 24 ग्रॅमवर आणला गेला, तेव्हाही कसब कमी झाले नाही. आपल्या राज्य संघटना नवी शॉटगन रेंज आखतील तेव्हा छर्रे पडण्याचा पट्टा कुठे जातो, त्यात तलाव-नाला आहे का, हे आराखड्यावरच पाहावे. नंतरचा खर्च कित्येक पट असतो.

मुलांचा मुद्दा मी सर्वात महत्त्वाचा मानतो. 2001 मध्ये मिनेसोटातून सुरू झालेली शालेय तबकडी लीग आज अमेरिकाभर पसरली आहे, आणि राज्य संघटनांची पुढची सदस्यसंख्या तिथूनच येणार आहे. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळी मानली जात नाही; अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2021 मध्ये सावधगिरीची मर्यादा 5 वरून 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. उघड्यावर छर्ऱ्यांतून थेट धोका बंदिस्त रेंजइतका नाही, हे खरे. पण धूर, हाताला लागलेली काजळी, त्याच हाताने खाल्लेले सँडविच आणि घरी काडतुसे भरण्याच्या टेबलावरची धूळ हे मार्ग उघडेच असतात. मुले 16 यार्डांवरूनच खेळतात, नव्या बंदुका वापरतात, त्यांच्या हाताला जुनी सवय नसते. पोलादाच्या विरोधातला एकही भक्कम आक्षेप त्यांना लागू होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. पाण्याच्या किंवा दलदलीच्या दिशेने पट्टा असलेल्या मैदानांवर राज्यस्पर्धेची मान्यता फक्त पोलादालाच, येत्या मोसमापासून. शालेय आणि कनिष्ठ गट त्याच्या पुढच्या मोसमात. मग 16 यार्डांच्या सिंगल्स आणि डबल्स; त्याआधी दोन वर्षे राज्य संघटनेने काडतुसांची एकगठ्ठा खरेदी करावी, म्हणजे छोट्या क्लबना भाव परवडेल. जुन्या बंदुकांसाठी बिस्मथ या पोलादाहून मऊ धातूच्या छर्ऱ्यांची सवलत ठेवावी, ते महाग असले तरी. हँडिकॅप सर्वात शेवटी, आणि तोवर त्या मैदानांवर मातीची सामू तपासणी दरवर्षी आणि छर्ऱ्यांची काढणी ठरलेल्या मुदतीत, दोन्हींचे आकडे वार्षिक सभेत सदस्यांसमोर ठेवून. शिसे आणि पोलाद एकाच पट्ट्यात मिसळू लागले की ठेकेदाराला चुंबकाने पोलाद वेगळे करावे लागते आणि तो भाव पाडतो. म्हणून बदलाच्या आधी एकदा पूर्ण काढणी उरकून घ्यावी. त्या विक्रीतून येणारी रक्कम पहिल्या हंगामाच्या पोलादी काडतुसांना लावता येते, आणि हा ठराव मांडायला राज्याच्या विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही.